छोट्या ट्रॅक्टरला गवताचे यंत्र कोणते?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बागाईत पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर आला आणि चांगला रुळला. नाशिक-सांगलीची द्राक्षे असोत, सोलापूरकडील डाळिंब असो की नागपूर-अमरावतीचा संत्रा असो, दोन ओळींच्या मधून मोठा ट्रॅक्टर जाईना आणि बैलजोडी सांभाळणे परवडेना, तेव्हा १५ ते २८ अश्वशक्तीच्या या लहान यंत्रांनी ती जागा भरून काढली. स्वराज ७१७, महिंद्राचे युवराज व जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी शक्ती ही नावे आता खेड्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. ट्रॅक्टर घेताना आपला शेतकरी दहा ठिकाणी चौकशी करतो, चालवून पाहतो, घासाघीस करतो. त्याच ट्रॅक्टरच्या मागे लावायचे अवजार घेताना मात्र दुकानाच्या आवारात जे उभे असेल ते जोडून घरी येतो. नांगर किंवा रोटाव्हेटरच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते, कारण त्यात निवडीला फारसा वाव नसतो. गवत कापण्याच्या यंत्रात ते खपत नाही. येथे चार-पाच अगदी वेगवेगळ्या जातीची यंत्रे ‘मोवर’ या एकाच नावाने विकली जातात आणि एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही.

आधी हे यंत्र हवेच कशाला, असे काही वाचक विचारतील. जुन्या वळणाचा बागाईतदार बाग काळीभोर, गवताची काडीही नसलेली ठेवण्यात भूषण मानतो. आमच्या मते हे भूषण महाग पडते. संत्रा-मोसंबीची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. तेथे वर्षातून चार वेळा रोटाव्हेटर फिरवला की गवताबरोबर ती मुळेही तुटतात आणि पात्याखालची जमीन दरवेळी थोडी अधिक घट्ट होते. उताराच्या जमिनीत उघडी माती पहिल्या मोठ्या पावसातच ओढ्याला लागते. तणनाशकाचा मार्गही पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्याला तर फवारणीच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब द्यावा लागतो. राहता राहिली मजुरांकडून खुरपणी. ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत ही तक्रार कोणत्या तालुक्यात नाही? तेव्हा गवत मुळासकट न उपटता दोन-तीन इंचांवर कापत राहावे, कापलेले तेथेच कुजू द्यावे, हा मध्यम मार्ग आता बरेच जण स्वीकारू लागले आहेत आणि तो योग्यच आहे.

आता यंत्रांकडे वळू. सर्वांत साधे आणि स्वस्त म्हणजे रोटरी स्लॅशर. लोखंडी छत्रीखाली एक गिअरबॉक्स, त्याला आडवी तबकडी आणि तबकडीला सैल लटकवलेली दोन जाड पाती, एवढाच त्याचा पसारा. पाती वस्तऱ्यासारखी धारदार नसतात, ती वेगाच्या जोरावर गवत झोडपून तोडतात. खुंट लागला तर पाते मागे वळते व पुन्हा जागेवर येते. त्यामुळे पडीक रान, बांध, रस्त्याच्या कडा, गाजरगवताचे माजलेले ताटवे, कोकणातील रानमोडी आणि घाणेरी यांच्यासाठी याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. बिघाड झालाच तर गावचा मिस्त्री दुरुस्त करतो. मात्र कापलेले गवत तो एकसारखे पसरत नाही, एका कडेला पट्टा पाडतो आणि ओल्या दिवसांत त्या पट्ट्याखाली बुरशी धरते. दुसरा दोष अधिक गंभीर. समजा पात्याच्या टोकांमधील अंतर १.२ मीटर आहे आणि ते मिनिटाला १००० फेरे घेते. मग टोकाचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होतो. त्या वेगाने उडालेला खडा म्हणजे गोफणीचा दगडच. बागेत शेजारच्या ओळीत माणसे विरळणी करीत असतील तर हे यंत्र तेथे नेऊच नये.

दुसरे फ्लेल मोवर, ज्याला आपल्याकडे कुठे मल्चर, कुठे श्रेडर म्हणतात. यात आडवा रूळ असतो, त्यावर ओळीने इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची पाती किंवा जड हातोडे लटकवलेले असतात आणि हा रूळ मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. सर्व काही बंद पेटीत घडत असल्याने दगड उडण्याचा धोका स्लॅशरपेक्षा बराच कमी. गवताचा बारीक चुरा होतो, तो रुंदीभर सारखा पसरतो आणि लवकर कुजतो. मागे रूळ बसवलेला असला तर उंचसखल जमिनीतही कापणीची उंची सारखी राहते. द्राक्षबागेत याचा आणखी एक लाभ आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, या दोन्ही वेळी ओळींत काड्यांचा खच पडतो. तो वेचून बांधावर जाळण्यात मजुरी जाते आणि सेंद्रिय मालही जातो. हातोड्याचे फ्लेल यंत्र त्याच काड्यांचा भुगा करून ओळीतच सोडते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वायची पाती गवतासाठी आणि हातोडे काड्यांसाठी असतात. हातोड्याने कोवळे गवत कापायला गेले तर ते चिरडते, नीट तुटत नाही. वायच्या पात्यांनी अंगठ्याएवढ्या काड्या फोडायला गेले तर पाती वाकतात. विकणारा सांगतो, ‘दोन्ही कामे होतात.’ होतात, पण एक चांगले होते आणि दुसरे कसेबसे. काही यंत्रांत पाती बदलून हातोडे लावता येतात. ही सोय आहे की नाही, ते खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

तिसरे कात्रीसारखे चालणारे कटर बार. लांब पट्टीवर त्रिकोणी पाती रिव्हेटने बसवलेली असतात आणि ती पुढेमागे सरकत गवत कातरतात. गेल्या शतकाच्याही आधीची, १८३० च्या दशकात अमेरिकेत पिकाची कापणी यंत्राने करण्याचे प्रयोग झाले तेव्हाची ही कल्पना आहे आणि आजही तिला पर्याय नाही, कारण ती गवत अखंड कापते. ज्यांच्या घरी दुभती जनावरे आहेत, लसूणघास किंवा चारा कापून गोठ्यात न्यायचा आहे, त्यांनी फ्लेलच्या वाटेला जाऊ नये. फ्लेलने केलेला चुरा गोळा करता येत नाही, त्यात माती मिसळते आणि जनावर तोंड फिरवते. कटर बारला ताकदही अगदी थोडी पुरते, १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तो खेळवतो. दगडाशी मात्र त्याचे वैर आहे. एका धोंड्यात चार पाती जातात. आडव्या पडलेल्या ओल्या गवतात तो वारंवार अडकतो. मोठ्या दुग्धव्यवसायात हल्ली ड्रम मोवर वापरतात, काम झपाट्याने होते हे खरे. पण ते वजनाला भारी आणि ताकदीला हावरे असते, २५ अश्वशक्तीच्या आतील ट्रॅक्टरवाल्याने त्याच्या नादी लागू नये हे बरे.

हिरवळीसाठीचे तीन पात्यांचे फिनिशिंग मोवर हा चौथा प्रकार. ज्यांची मंगल कार्यालयाची लॉन्स आहेत किंवा ज्यांच्याकडे शाळा-महाविद्यालयाच्या मैदानाचे कंत्राट आहे, त्यांच्याच कामाचे ते. बागेत त्याचा उपयोग नाही, एवढे सांगून पुढे जाऊ.

खरा घोळ होतो तो ताकदीच्या हिशेबात. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत त्यातील साधारण ८० ते ९० टक्केच पोहोचते. यंत्राला जी ताकद लागते ती पीटीओची. कारखान्यांमध्ये एक ढोबळ नियम वापरतात. झोडपून कापणाऱ्या यंत्राला रुंदीच्या दर फुटामागे पीटीओची ५ अश्वशक्ती हवी. म्हणजे ४ फुटी यंत्राला २० आणि ती मिळण्यासाठी ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा हवा. १५ ते १८ अश्वशक्तीवाल्याने ३ फुटांवर जाऊ नये. असे असताना १८ अश्वशक्तीच्या मागे ४ फुटी फ्लेल जोडून दिलेले सर्रास पाहायला मिळते. उन्हाळ्यात, विरळ वाळक्या गवतात ते चालतेही. ऑगस्टमध्ये गुडघाभर ओल्या गवतात इंजिन दबते, फेरे कमी होतात, रुळाभोवती गवत गुंडाळते आणि बेल्ट जळतो. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक बहुधा उन्हाळ्यातले असते, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

रुंदीचा मोह का होतो ते आम्हाला समजते. रुंद यंत्र म्हणजे कमी फेऱ्या, कमी डिझेल. पण हे प्रत्येक बागेत खरे नसते. द्राक्षाची ओळ ९ फुटांवर असेल, तर दोन्ही बाजूंना वेलीलगतचे दोन-दोन फूट सोडून मध्ये कापायचा पट्टा ५ फुटांचा उरतो. ४ फुटी यंत्राने तो एका फेरीत होत नाही, दोन लागतात. ३ फुटी यंत्रानेही दोनच लागतात. मग वरच्या एका फुटाला तुम्ही पैसे कशाचे मोजले? एका फेरीत काम उरकायचे तर ५ फुटी यंत्र हवे, त्याला पीटीओची २५ अश्वशक्ती हवी आणि तेवढी द्यायला ट्रॅक्टर ३० चा लागेल, जो त्या ओळीत वळणारच नाही. याउलट २० फुटांवर लावलेल्या संत्र्याच्या बागेत ४ फुटी यंत्र प्रत्येक ओळीत एक फेरी वाचवते, तेथे तो फूट पैसे फेडतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या बागेत टेप धरावा. यंत्राची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरील मापापेक्षा थोडी अधिक हवी, नाहीतर चाकाखाली दबलेले गवत कापलेच जात नाही आणि दोन दिवसांनी उभे राहते. डाळिंबासारख्या खाली झुकलेल्या, काटेरी झाडांत यंत्र मधल्या रेषेपासून एका बाजूला सरकवता येणे फार उपयोगाचे. ट्रॅक्टर ओळीच्या मध्यावरून जातो आणि यंत्र फांदीखाली शिरते. अशी सोय नसेल तर चालकाचे तोंड आणि झाडाची फळे, दोन्ही ओरबाडली जातात.

आपल्या बागांत एक अडचण अशी आहे जी परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही. ती म्हणजे ठिबकच्या नळ्या. द्राक्षात नळी बहुधा तारेला टांगलेली असते, तेथे चिंता नाही. डाळिंब, संत्रा, पेरू, सीताफळ यांत ती जमिनीवर लोळत असते, उन्हाने फुगते, उंदराने ओढली जाते, गवतात दिसेनाशी होते. फ्लेलच्या रुळाने एकदा ती पकडली की दहा-वीस मीटर नळी क्षणात गुंडाळली जाते. मग नळी गेली ती गेलीच, वितळलेले प्लॅस्टिक बेअरिंगच्या सीलमध्ये शिरून बेअरिंगही जाते. उपाय साधा आहे. नळी खोडाच्या बाजूला ओढून खुंट्यांनी पक्की करावी आणि पहिली कापणी उंचीवर, ४ इंचांवर करावी. नळी खोडापासून दोन फुटांच्या आत ठेवता येत नसेल, तर त्या बागेत ट्रॅक्टरमागचे यंत्र घेण्याआधी दोनदा विचार करावा.

काळ्या जमिनीचे गाऱ्हाणे वेगळे. गवत सर्वांत जोमाने वाढते जुलै-ऑगस्टमध्ये आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर रानात शिरत नाही. वाफसा येण्यापूर्वी घातला तर चाकोऱ्या पडतात आणि पुढचे वर्षभर त्या चाकोऱ्यांत पाणी साचते. तेव्हा यंत्राचे वजन हा केवळ हायड्रॉलिक उचलण्याचा प्रश्न नाही. छोटे ट्रॅक्टर सात-साडेसातशे किलो उचलतात आणि ३-४ फुटी यंत्र अडीचशे किलोंच्या आसपास असते, म्हणून उचलायला अडचण नसते. पण तेच अडीचशे किलो मागे लोंबकळले की पुढची चाके हलकी होतात, चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. उताराच्या बागेत पुढे वजने लावावीत आणि उतारावर आडवे चालवण्याऐवजी वर-खाली चालवावे. चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर येथे खरोखर कामाचा.

कोकणातील वाचकांसाठी स्वतंत्र दोन शब्द. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा-काजूच्या बागेत गवत कापण्याचे पहिले कारण वणवा हे आहे. जानेवारीनंतर वाळलेले गवत म्हणजे दारूगोळाच. कुठून तरी ठिणगी येते आणि मोहोरावर आलेली कलमे डोळ्यांदेखत होरपळतात. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गवत वाळण्याच्या तोंडावर झाली पाहिजे आणि कापलेले गवत कलमांच्या बुंध्याशी न साठवता बाहेर काढले पाहिजे किंवा त्याचा चुरा झाला पाहिजे. पण सड्यावरच्या जांभ्या दगडाच्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या बागेत छोटा ट्रॅक्टरसुद्धा नीट फिरत नाही. अशा ठिकाणी, घरातील मुलगा आखातातून पैसे पाठवतो म्हणून ट्रॅक्टर आणि त्यामागे स्लॅशर उभा करण्यात अर्थ नाही. दोन चांगले खांद्यावरचे ग्रासकटर, दोन माहीतगार गडी आणि बागेभोवती दहा-पंधरा फुटांचा साफ केलेला पट्टा हे अधिक भरवशाचे. सपाट कातळावर माती भरून केलेल्या नव्या, मोठ्या लागवडी असतील तेथे ४ फुटी स्लॅशरचा विचार जरूर करावा.

जोडणीच्या बाबतीत दुकानदार जे सांगत नाहीत ते आम्ही सांगतो. छोट्या ट्रॅक्टरच्या पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे असतो. काहींना ७५० चाही गिअर दिलेला असतो. ५४० साठी बनवलेले यंत्र चुकून ७५० वर चालवले तर रूळ जवळजवळ दीडपट वेगाने फिरतो आणि बेअरिंग त्या हंगामातच जबाब देते. उलट डिझेल वाचवण्यासाठी थ्रॉटल कमी ठेवून चालवायची सवय तितकीच वाईट. फेरे पडले की पाते गवत कापत नाही, ओढते. पीटीओ पूर्ण वेगात आणि चाकांचा गिअर हळू, ताशी दोन-तीन किलोमीटर, हीच योग्य रीत. दुसरी गोष्ट शाफ्टच्या लांबीची. यंत्राबरोबर येणारा शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असतो. यंत्र वर उचलताना तो आत पुरता दाबला जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडावर घाव घालतो. तो ट्रॅक्टरला जोडून, वर-खाली उचलून, मापाने कापून घ्यावा लागतो आणि हे काम विकणाऱ्याचे आहे, घेणाऱ्याचे नव्हे. खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ ची, हे माप जुळते का तेही तेथेच पाहावे. सैल पिनेवर लटकलेले यंत्र सहा महिन्यांत कान फाडते.

स्लॅशर घेणाऱ्यांनी ओव्हररन क्लच आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्या ट्रॅक्टरांत पीटीओ स्वतंत्र नसून क्लचबरोबरच सुटतो, त्यांत एक विचित्र प्रकार घडतो. चालक क्लच दाबतो, ब्रेकवर पाय ठेवतो, पण जड तबकडी स्वतःच्या वेगाने फिरतच राहते आणि शाफ्टमार्फत उलट गिअरलाच ढकलते. ट्रॅक्टर थांबण्याऐवजी पुढे सरकतो. पुढे विहीर असेल, बांध असेल किंवा माणूस असेल तर काय होईल? हे टाळणारा भाग फार मोठ्या किमतीचा नसतो. तसाच शेअर बोल्ट. खुंटावर पाते आदळले की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, यासाठी तो मुद्दाम नरम असतो. ‘सारखा तुटतो’ म्हणून त्या जागी कठीण पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग आहेत, त्यांचा बोल्ट टिकतो आणि गिअर फुटतात.

शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून फेकण्याची तर आपल्याकडे रीतच पडली आहे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. साडीचा पदर, ओढणी, लुंगीचे टोक किंवा सदऱ्याची बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला एक सेकंदही मिळत नाही. बागेत बायामाणसे कामाला असतात, लहान मुले ट्रॅक्टरमागे धावतात. आवरण तुटले असेल तर नवे बसवेपर्यंत यंत्र जोडू नये. विकणारा आवरणाशिवाय शाफ्ट देत असेल तर तो घेऊ नये, किंमत कितीही कमी असो.

आमच्या कारखानदार आणि वर्कशॉपवाल्या बांधवांनाही येथे काही सांगायचे आहे. राजकोट-लुधियानाहून येणारा माल आणि इटलीहून येणारा माल यांच्या मधल्या जागेत स्थानिक वर्कशॉपला चांगला वाव आहे. स्लॅशर कोणताही चांगला वेल्डर बनवू शकतो आणि ते दणकट असते. फ्लेलचे तसे नाही. दोन हजार फेऱ्यांनी फिरणारा रूळ तोलून पाहण्याच्या यंत्रावर चढवून त्याचा तोल साधलेला असला पाहिजे. तो नुसत्या डोळ्याने, पट्टी लावून साधत नाही. तोल नसलेले यंत्र पहिल्या दिवसापासून थरथरते, महिन्यात बेअरिंग खाते आणि वर्षात पेटीला भेगा पाडते. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी रूळ तयार आणावा, पेटी आणि जोडणी स्वतः करावी. त्यात कमीपणा नाही. दुरुस्तीतही हेच. एक हातोडा तुटला तर त्याच्या समोरचाही बदलायचा आणि दोन्ही तराजूवर सारख्या वजनाचे घ्यायचे. जुन्या-नव्याची भेसळ करून दिलेली दुरुस्ती गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी आणत नाही.

आता पैशाकडे पाहू. ४ फुटी यंत्र ताशी तीन किलोमीटरने, वळणे व थांबे धरून, तासाला सुमारे २८ गुंठे कापते. पाच एकरांना सात तास, वर्षातून चार कापण्या, एकूण २८ तास. समजा यंत्र दीड लाखाला पडले आणि आठ वर्षे चालले. वर्षाला १८,७५० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ६७० रुपये नुसते यंत्राचे. डिझेल, चालक, पाती, ग्रीस वेगळे, उधारीवर घेतले असेल तर त्याचा बोजा आणखी वेगळा. तेच यंत्र वर्षाला २०० तास चालले तर हा आकडा ९४ रुपयांवर येतो. यावरून आमचे मत स्पष्ट आहे. पाच एकरांच्या बागाईतदाराने हे यंत्र एकट्याने घेऊ नये. भाड्याने आणावे, किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून घ्यावे. भागीदारीत पहिली अडचण पाळीची येते, कारण वाफसा सर्वांच्या रानात एकाच आठवड्यात येतो. पाळी कोणाची आणि तुटलेल्या पात्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे आधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात. नात्यातल्या भागीदारीत तर अवश्य कराव्यात.

ज्या तरुणाकडे छोटा ट्रॅक्टर आहे आणि वर्षाचे आठ महिने तो उभाच असतो, त्याच्यासाठी मात्र हा चांगला धंदा आहे. त्याने फ्लेल घ्यावे, द्राक्ष आणि संत्रा या दोन्हींचे हंगाम धरावेत. भाव एकरी ठरवला की चालक पळवतो आणि गवत अर्धवट राहते. तासावर ठरवला की मालकाला वाटते चालक रेंगाळतो. ट्रॅक्टरच्या अवर मीटरचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी मालकाला दाखवून तासाचे पैसे घेणे, यात तंटा सर्वांत कमी होतो.

सरकारी सवलतीबद्दल बरीच पत्रे येतात म्हणून थोडक्यात. शेती यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत, जी २०१४-१५ पासून राबवली गेली, अवजारांवर ४० टक्के आणि लहान व सीमांत शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के अनुदान ठरवलेले आहे, तेही कमाल मर्यादेच्या आत. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करायची असते. आधी बिल, मग अर्ज असे केले की पैसे मिळत नाहीत. अनुदान तपासणी झालेल्या यंत्रांनाच असते. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली, अशी तपासणी करणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि यंत्राचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्यात पीटीओची किती ताकद लागली, पाती किती झिजली हे छापलेले असते. अनुदानाच्या यादीत आहे एवढ्यावरून यंत्र तुमच्या ट्रॅक्टरला योग्य ठरत नाही. अर्ध्या किमतीत घेतलेले चुकीचे यंत्र गोठ्यामागे गंजत पडते, तेव्हा वाया गेलेली दुसरी अर्धी किंमत आपल्याच खिशातली असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि गवत कापण्याच्या यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत एक लाख असेल तर सात हजारांचा फरक पडतो. मूळ किंमतच वाढवून हा फरक गिळणारे विक्रेते निघतात, म्हणून दर आणि कर वेगवेगळे दाखवलेले पक्के बिल घ्यावे. त्याच बिलावर यंत्राचा क्रमांक, शाफ्ट कापून दिल्याची नोंद आणि सोबत दिलेल्या जादा पात्यांची संख्या लिहून घ्यावी. काही रक्कम हाती ठेवून यंत्र आपल्या बागेत, आपल्या ट्रॅक्टरला, पावसाळी गवतात एक तास चालवून दाखवायला सांगावे. बेअरिंगवर हात ठेवता येतो की चटका बसतो हे तासाभराने यंत्र बंद करून, रूळ पूर्ण थांबल्यावर पाहावे आणि मगच उरलेले पैसे मोजावेत.